पुण्याचा व्यावसायिक हॉकी संघ पुन्हा उभा राहील का?

प्रश्न: २०१२ च्या वर्ल्ड सिरीज हॉकीत पुणे स्ट्रायकर्स अंतिम सामन्यात शेर-ए-पंजाबकडून हरले आणि ती लीगही एका हंगामातच आटोपली. क्रिकेटवेड्या पुण्यात असा संघ उभारायचा झाल्यास सुरुवात कुठून करावी?

उत्तर १: खडकीपासून. धनराज पिल्ले तिथलेच. महागडे परदेशी खेळाडू आणण्यापूर्वी, तुटक्या स्टिकला चिकटपट्टी गुंडाळून खेळणाऱ्या स्थानिक मुलांना चांगला प्रशिक्षक आणि वर्षभराचे मानधन द्यावे.

उत्तर २: सहमत, परंतु हक्काचे मैदान आधी हवे. बर्फावरील हॉकीतला अ‍ॅरिझोना कायोटीज संघ मैदानाअभावी २०२२ पासून विद्यापीठाच्या छोट्या स्टेडियममध्ये खेळत राहिला आणि २०२४ मध्ये सॉल्ट लेक सिटीला हलवला गेला. आपल्याकडे निदान पिंपरीतल्या नेहरूनगरचे हॉकी मैदान आहे.

उत्तर ३: मैदान आहे, पण सामना कधी आहे हे पिंपरीकरांनाही कळत नाही!