अनुभव धागा: वाटीचे ग्रॅम करताना तुमचं काय काय झालं?

चवथ (गणेश चतुर्थी) जवळ आली, आणि शारजातल्या बहिणीला आईच्या नेवऱ्या, म्हणजे करंज्या, ग्रॅममध्ये लिहून हव्यात, म्हणून रविवारी आईची पितळी वाटी काट्यावर ठेवली. पाणी २४० ग्रॅम मावलं, म्हणजे वाटी २४० मिलीची, इथवर सोपं. मग मैदा. डब्यात खुपसून भरली तर १४८ ग्रॅम, चमच्याने अलगद टाकून वरून सुरी फिरवली तर १२२, आणि आई भरते तशी, म्हणजे दोनदा ओट्यावर आपटून बोटाने सपाट करून, १६१! एकच वाटी, एकच मैदा. माझी पारी का चिकटते आणि तिची ताठ का राहते ते इतक्या वर्षांनी कळलं, कारण पाणी मी तिच्याच मापाने घालत होते. तुमचेही अनुभव लिहा, फोंड्याहून मी सुरुवात केलीय.

मडगाव
माझं बाथ केकचं, म्हणजे रवा-खोबऱ्याच्या केकचं, दुखणं सांगते. रेसिपीत दोन कप रवा, मी तक्त्यात एक कप म्हणजे १२५ ग्रॅम बघितलं आणि २५० घेतला. ते आकडे मैद्याचे होते गो! बारीक रवा कपाला साधारण १७० भरतो. नाताळच्या आदल्या रात्री केक मध्ये बसला, खोबऱ्याचं ओलं ओलं लागत होतं, सासूबाई काही बोलल्या नाहीत पण मला झोप नाही आली. आणि ओलं खोबरं तर कपात मोजूच नये, आदोळीवरून (खवणीच्या विळीवरून) पडलेलं सैल भरलं तर ८० ग्रॅम, दाबलं की कितीही जातं.

डिचोली
मिठाचं कुणीच लिहिलं नाही अजून. तोरां (कैऱ्या) खारवायला आमच्याकडे आगराचं, म्हणजे मिठागराचं, जाडं मीठ, ते संपलं म्हणून त्याच चमच्यांनी पाकिटातलं बारीक घातलं आणि अख्खी बरणी खारट झाली. नंतर तोलून बघितलं, एक चमचा बारीक ६ ग्रॅम, जाडं जेमतेम ४, खड्यांमध्ये हवा राहते ना. आता तोरांचं वजन करतो, मग मिठाचं. फक्त सोडा, जायफळ असलं काट्यावर घेऊ नका, घरचा काटा एकेका ग्रॅमनेच पुढे सरकतो, तिथे चमचाच बरा.

पेडणे
दादा, बरोबर. माझ्या काट्यावर मिलीचं बटण आहे, मी त्यावर २०० मिली तेल मोजलं, पण ते बटण पाणी धरूनच चालतं, २०० मिली तेल तोलून १८४ ग्रॅमच्या आसपास भरतं. म्हणजे काट्यावर २०० दिसेपर्यंत ओतलं की तेल जास्तच पडतं. हे कळेपर्यंत तीन केक तेलकट केले.

पणजी
दोदोलला (नारळाच्या रसातल्या गोड वड्यांना) माडाचा काळा गूळ लागतो, त्याचे खडे कपात बसतच नाहीत, तो पहिल्यापासून वजनावरच. पण एक विचारायचंय, लोणी एक कप म्हणजे २२७ ग्रॅम असं सगळीकडे दिसतं, तो २४० चा अमेरिकन कप ना? माझ्या सेटमधला कप २५० चा आहे.

फोंडा
हो ताई, २२७ त्याच कपाचं. तुमच्या कपाला २३६-३७ घ्या. आणि पणजीत नेवऱ्यांना सारण वाटीने घालता की वजनाने तेही सांगा, आई अंदाजानेच घालते, ते अजून लिहायचं राहिलंय.