शब्दचर्चा : 'नामांकित' कथा म्हणजे नक्की कोणती?

काळीमाती
गावच्या वाचनालयाच्या फळ्यावर ह्यूगो या विज्ञानकथा-फँटसीसाठीच्या आंतरराष्ट्रीय पुरस्काराच्या अंतिम फेरीतल्या सहा कथांची ओळख लावायची आहे, आठवड्याला एक. मथळा लिहिला : 'नामांकित विज्ञानकथांचे परीक्षण'. वाचकांचे दोन प्रश्न आले. 'नामांकित आहेत तर यांची नावं कधी ऐकली कशी नाहीत?' आणि 'परीक्षण झाल्यावर बक्षीस कधी वाटणार?' 'नामांकित डॉक्टर', 'नामांकित शाळा' यांतला नामांकित वेगळा आणि हा वेगळा, हे एका शब्दात कसं दाखवायचं?

पळसपान
'नामनिर्देशित' लिहा. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत नामनिर्देशनपत्र भरतात, त्यामुळे शब्द खेड्यातही अनोळखी नाही. 'नामांकन' हिंदी बातम्यांतून आलं. आपल्याकडे नागपूरच्या बाजूला हिंदी जवळची, म्हणून ते खटकत नाही, एवढंच.

वऱ्हाडी_वाचक
पळसपानभाऊ, शब्द हिंदीतून आला म्हणून काहून टाकून द्यायचा? अन् 'नामांकित'चा जुना अर्थ तर मराठीतलाच आहे. अंक म्हंजे खूण. ढोराले डाग देतात तसा नावाचा डाग ज्याच्यावर पडला तो नामांकित. मंग यादीत नाव आलं तेही नामांकितच झालं ना जी.

जुना_फळा
व्युत्पत्ती पटली तरी वाचणारा व्युत्पत्ती वाचत नाही, रूढ अर्थ वाचतो. आणि 'नामनिर्देशित'ही इथे पुरतं चुकीचं आहे. निवडणुकीचंच उदाहरण घ्या : अर्ज, छाननी, माघार, मग अंतिम उमेदवारांची यादी. ह्यूगोत हेच टप्पे आहेत. जागतिक विज्ञानकथा संमेलनाचे सदस्य प्रत्येक विभागात पाचपर्यंत नावं सुचवतात. मग कथा आदल्या वर्षी प्रसिद्ध झालेली आहे का, शब्दसंख्या बसते का, हे तपासतात. लेखकाला विचारतात, तो नकार देऊ शकतो. त्यानंतर सहा उरतात. 2017 पासून सहा, आधी साधारण पाच असत. एका सदस्यानं सुचवलेली कथाही नामनिर्देशित झालीच, पण तिला कोणी ओळखत नाही. म्हणून तिकडे यादीतल्या सहांना 'फायनलिस्ट' म्हणतात. मराठीत 'अंतिम यादीतली कथा'. दोन शब्द जास्त लागले तरी चालेल.

पळसपान
मग मत देण्यालाही नीट शब्द हवा. 'जास्त मतं मिळवून जिंकली' असं सर्रास लिहितात, ते चूक. तिथे पसंतीक्रम देतात, विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघात देतो तसाच : 1, 2, 3. पहिल्या पसंतीत मागे असलेली कथा दुसऱ्या-तिसऱ्या पसंतीवर पुढे येऊ शकते.

काळीमाती
आणि मतपत्रिकेवरच्या 'नो अवॉर्ड' या पर्यायाला 'नोटा' म्हटलं तर?

पळसपान
नको. आपल्याकडे लोकसभा-विधानसभेला नोटा मोजतात, पण त्याखालचा उमेदवार निवडून येतोच. ह्यूगोत 'नो अवॉर्ड' हा स्वतः एक उमेदवार आहे, त्यालाही क्रमांक देतात आणि तो जिंकू शकतो. 2015 मध्ये पाच विभागांत तोच जिंकला, लघुकथेचा विभागही त्यात होता. 'पुरस्कार नाही' असंच लिहा.

जुना_फळा
'परीक्षण' शब्दाचं सांगतो. खंजिरी भजन स्पर्धेचं परीक्षण म्हणजे गुण देणं, पुस्तक परीक्षण म्हणजे मत मांडणं. पुरस्काराच्या बातमीजवळ तो शब्द आला की पहिला अर्थ पुढे येतो. भर म्हणजे 'परीक्षकांनी निवडलेली कथा' असं छापतात. ह्यूगोला परीक्षक नाहीत, सदस्य मत देतात. नेब्युला पुरस्काराला अमेरिकेतल्या विज्ञानकथा-लेखकांच्या संघटनेचे सदस्य मत देतात. वर्ल्ड फँटसी पुरस्काराला मात्र परीक्षक मंडळ आहे, तिथे तो शब्द खरा. फळ्यावर 'ओळख' किंवा 'रसग्रहण' लिहा.

वऱ्हाडी_वाचक
रसग्रहण म्हंजे नुसतं चांगलं सांगायचं. कथा फसली तं काय लिहायचं? 'समीक्षा' बरी.

जुना_फळा
रसग्रहणात दोष येतातच, फक्त जागा दाखवून यावे लागतात. विज्ञानकथेत दोष बहुधा एकाच ठिकाणी असतो. लेखक एक कल्पना घेतो, समजा पाणी विकत घेणारं गाव, आणि तिचे परिणाम अर्ध्यावर सोडतो. टँकरचा दर सांगतो, पण ढोरांना पाणी कोण पाजतं ते विसरतो. 'शेवट पटला नाही' यापेक्षा 'ढोरं विसरली' हे लिहिलं तर वाचकाच्या हाती काही लागतं. कथेच्या पहिल्या एक-तृतीयांश भागापलीकडचं सांगू नका, गुपित फुटतं. फळ्यावर दीडशे शब्द पुरतात : कल्पना दोन ओळी, कथनाची पद्धत दोन ओळी, कुठे जमलं, कुठे नाही.

पळसपान
पण मुख्य घोळ 'लघुकथा' शब्दाचा आहे, तो कोणी काढला नाही. इंग्रजीतली शॉर्ट स्टोरी पुरस्कारात 7,500 शब्दांपेक्षा कमी असते. आपल्याकडे हिंदी वाचणारा माणूस 'लघुकथा' म्हटलं की पानभराची गोष्ट समजतो, कारण हिंदीत तो प्रकार तेवढाच. शॉर्ट स्टोरीला तिकडे 'कहानी'. मराठीत त्या पानभराच्या गोष्टीला आता 'अलक' म्हणतात, अति लघु कथा. आणि 'कहाणी' म्हटली तर श्रावणातली व्रताची आठवते.

काळीमाती
मग 7,500 ते 17,500 शब्दांच्या विभागाला काय म्हणायचं, 17,500 ते 40,000 च्या विभागाला काय?

पळसपान
पहिल्याला दीर्घकथा, दुसऱ्याला लघुकादंबरी. इंग्रजीत अनुक्रमे नॉव्हेलेट आणि नॉव्हेला.

वऱ्हाडी_वाचक
दिवाळी अंकात दोन्हीले दीर्घकथाच म्हणतात. तिथं पानं मोजतात, शब्द कोण मोजते? 'कादंबरिका' म्हणा, गोड आहे.

जुना_फळा
गोड आहे, पण 'कादंबरी'च मुळात बाणभट्टाच्या नायिकेचं नाव. त्याला छोटं केलं की कोणा मुलीचं नाव वाटतं. शिवाय मराठी शब्दसंख्येवर प्रकार ठरवूच नका. 'इन द ओल्ड किंग्ज हाउस' हे पाच शब्द, 'म्हाताऱ्या राजाच्या घरात' हे तीन. प्रत्यय शब्दाला चिकटतात. मूळ 8,000 शब्दांची नॉव्हेलेट अनुवादात सहज साडेसात हजारांच्या खाली येईल, आणि फळ्यावर ती लघुकथा म्हणून लागेल. विभाग यादीतून जसाच्या तसा उचला.

पळसपान
यादीतही कथा सीमेवर असेल तर हलू शकते. नव्या विभागाच्या मर्यादेपासून वीस टक्क्यांच्या आत असली तर समिती तिला तिकडे नेऊ शकते. म्हणून आकडा हा कुंपण नाही, धुरा म्हणजे शेताचा बांध आहे. पण म्हणून दोन प्रकारांना एकच शब्द नको.

वऱ्हाडी_वाचक
धुऱ्यावरूनच तं भांडणं होतात भाऊ. मी दीर्घकथा सोडत नाही. वाचणाऱ्याले तोच शब्द येते.

काळीमाती
तूर्त पहिल्या कथेची पाटी अशी लावतो : 'ह्यूगो, अंतिम यादी, नॉव्हेलेट विभाग, 7,500 ते 17,500 शब्द'. खाली 'ओळख'. 'फँटसी'ला शब्द सुचला तर सांगा, 'अद्भुतकथा' लिहिलं तर लहान मुलांची गोष्ट समजून मोठे वाचक फळा सोडून जातात.

जुना_फळा
'अद्भुत' हा नऊ रसांतला एक रस आहे, मुलांची मक्तेदारी नव्हे. शब्द तोच ठेवा, खाली कथा मोठ्यांची आहे हे पहिल्या ओळीतच दिसू द्या.

वऱ्हाडी_वाचक
'चकवा' कसा वाटते? रात्री वावरात माणूस ओळखीच्या धुऱ्यावर भटकत राहते, रस्ता तोच अन् गाव वेगळं.

पळसपान
चकवा माणसाला लागतो, कथेला नाही. तो एका प्रकारच्या प्रसंगाचा शब्द आहे, साऱ्या वाङ्मयप्रकाराचा नाही.