मॉर्फिन आणि बद्धकोष्ठता
मॉर्फिन या तीव्र वेदनांवरच्या औषधाचे दुष्परिणाम आठवड्याभरात आपोआप ओसरतात, हे म्हणणं मळमळ आणि गुंगीपुरतं बरंचसं खरं आहे. बद्धकोष्ठतेला मात्र ते लागू नाही. वेदना दाबणारे म्यू रिसेप्टर, म्हणजे मॉर्फिन जिथे चिकटतं त्या पेशींवरच्या जागा, मेंदूत असतात तसेच आतड्याच्या भिंतीतही असतात. तिथे औषध बसलं की आतड्याची हालचाल मंदावते, मलातलं पाणी जास्त शोषलं जातं, आणि याची सवय शरीराला जवळजवळ होतच नाही. म्हणून पहिल्या गोळीबरोबरच सोनामुखी किंवा बिसाकोडिलसारखं रेचक डॉक्टरांकडून लिहून घ्या.

आणि कृपा करून घरच्या घरी इसबगोल सुरू करू नका. आईच्या आजारपणात नर्सताईंनी हे आधीच बजावलं होतं: रुग्ण पाणी कमी पितो, आतडं नीट ढकलत नाही, मग तो फुगलेला भुसा आतच घट्ट बसतो.