मदत हवी आहे: बोअरबंदी गावात टिकवायची कशी?

मंडळी, पिण्याच्या विहिरीचा यंदा मार्चमध्येच तळ दिसला. मोटर वीस मिनिटं चालते, मग नुसती हवा ओढते. टँकरची वाट बघण्यापेक्षा नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या हिवरे बाजार गावासारखं आपणच ठरवू, असं ग्रामसभेत बोललो. तिथे पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडतात, त्यावर पिकं ठरवतात. शेतीला बोअर नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. आठ दिवसांत माझ्याच चुलत्यांनी रात्री बोअरची गाडी आणली! आता भावकीत भांडू की गप्प बसू? दंड लावला तर माणसं तुटतात. तुमच्या गावात असा नियम टिकलाय का? सुरुवात कुणापासून केली, मोडणाऱ्याला कसं वळवलं? पर्जन्यमापक बसवलाय, आकडे लिहायला शाळेतली पोरं तयार आहेत. अडलंय ते मोठ्यांपाशी.