वॅगन-आरचे मागचे शॉकअप (शॉक अब्सॉर्बर) गळू राहिले, घरी बदलू का? बजेट ३५००

अमळनेरकर८४
राम राम मंडळी. २०१३ ची वॅगन-आर, सीएनजी नंतर बसवलेली, १ लाख १२ हजार किलोमीटर झाले. मागचे दोन्ही शॉकअप तेलाने ओले आहेत, वर धूळ बसून चिखलासारखा थर झालाय. गतिरोधक ओलांडला की मागचा भाग तीन-चार वेळा झुलतो. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) मुराळी म्हणून साक्रीला बहिणीला आणायला जायचंय, १२ दिवस आहेत. बजेट ३५००, हत्यारासकट. पाना-पेटी आहे, मागचे ब्रेक शू स्वतः बदललेत. कोणते घेऊ आणि काय सांभाळू?

केळीबाग (रावेर)
भाऊ, चारही बदला. मी कंपनीचे ओरिजिनल चारही टाकले, पुढचे माउंट, बेअरिंग, बंप स्टॉप सगळं नवीन. १४ हजार गेले, पण बागेच्या चाकोरीतून गाडी नेली तरी मागे बसलेल्या आईची कंबर दुखत नाही. अर्धवट काम करूच नका.

जुनाहायवे६ (धुळे)
घरी अजिबात करू नका. मी पुढचा शॉकअप घरी खोलला होता. स्प्रिंग दाबून धरायचं हत्यार नव्हतं. वरचा मधला नट सोडला आणि स्प्रिंग बंदुकीसारखी सुटली. दोन बोटं मोडली, सहा आठवडे प्लास्टर. मजुरीचे ६०० वाचवायला गेलो होतो.

तापीकाठ (शिरपूर)
नवीन कशाला? जुन्यात तेल भरून, सील बदलून देणारे आहेत. दोन्हीचे ८०० घेतले माझ्याकडून. वर्ष झालं, एक थेंब नाही.

घाटवाला (चाळीसगाव)
@तापीकाठ, मीही भरून घेतले होते. कन्नड घाट उतरताना तिसऱ्या महिन्यात दोन्ही पुन्हा ओले. दांड्यावर चरा पडलेला असेल तर नवीन सीलही त्याच चऱ्याने फाटतं. घाट उतरणाऱ्याने असलं करू नये.

तापीकाठ (शिरपूर)
मला कुठे घाट लागतो? सरळ रस्ता आहे माझा.

लोकोशेड_निवृत्त (भुसावळ)
जुनाहायवे६ यांचं दुखणं खरं आहे, पण ते पुढच्या शॉकअपचं. पुढे स्प्रिंग आणि शॉकअप एकाच जुडग्यात असतात, म्हणून तो मधला नट धोक्याचा. वॅगन-आरला मागे स्प्रिंग वेगळी आणि शॉकअप वेगळा. ब्रेक शू बदलणाऱ्याला हे जमेल.

धोका दुसरीकडे आहे. चाक लोंबकळलं की ॲक्सल (मागची चाकं जोडणारा दांडा) किती खाली जाईल ते शॉकअपच धरून ठेवतो. तो काढला की ॲक्सल खाली झुकतो, ब्रेकचा रबरी होज (नळी) ताणला जातो, स्प्रिंगही जागची निसटू शकते. म्हणून गाडीची बॉडी लोखंडी स्टँडवर ठेवा, पुढच्या चाकांना दगड लावा आणि ॲक्सलखाली दुसरा जॅक टेकवूनच बोल्ट सोडा. एका वेळी एकच बाजू. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली हात घालायचा नाही. विटांवर तर मुळीच नाही, वीट फुटते.

नवीन शॉकअप उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबा आणि ओढा, आडवा पडून आत शिरलेली हवा निघते. खालचा बोल्ट आधी हलका लावा. चाक जमिनीवर टेकून गाडीचं वजन आलं की मगच पक्का आवळा. लोंबत्या अवस्थेत आवळला तर आतलं रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. हे गॅरेजातही पुष्कळ जण करत नाहीत. बोल्टला आदल्या दोन संध्याकाळी गंजाचा स्प्रे मारून ठेवा.

सातपुडा_पायथा (शहादा)
खरा दोषी सीएनजीचा सिलेंडर. काढून टाका, शॉकअप आपोआप टिकतील.

लोकोशेड_निवृत्त (भुसावळ)
वजन स्प्रिंग पेलते, शॉकअप नाही. शॉकअप फक्त झोका थांबवतो: तेल पिस्टनच्या बारीक वाटांतून ढकललं जातं आणि उसळीची ताकद उष्णता होऊन जाते. सिलेंडरमुळे स्प्रिंग बसते, खड्ड्यात गाडी लवकर ठोकर खाते, तेवढाच त्रास.

सातपुडा_पायथा (शहादा)
माझ्या गाडीचे सिलेंडर काढल्यावरच टिकले. मी अनुभव सांगतोय.

केळीबाग (रावेर)
पुन्हा सांगतो, चारही बदला. पुढचे पण थकले असणार.

घाटवाला (चाळीसगाव)
जोडीने बदलायचे एवढं नक्की, एक नवीन एक जुना ठेवला तर वळणावर गाडी एका अंगाला जास्त झुलते. गॅब्रिएलचे घ्या. माझे ६० हजार किलोमीटर चालले. पण आखाजीच्या आधी गॅरेजलाच द्या, स्टँड विकत घ्यायचे पैसे मजुरीत जातील.

जुनाहायवे६ (धुळे)
मी तेच म्हणतोय. गॅरेज.

पांझराकाठ (धुळे)
कसाले एवढी वाट देखी ऱ्हायना भाऊ? गळका शॉकअप आणि वर चार माणसं, ब्रेक मारला की चाक रस्ता सोडून उड्या मारतं. आजच गॅरेजात टाक, उद्या मिळेल.

अमळनेरकर८४
सगळ्यांचे आभार. गॅरेजला दिली नाही आणि आखाजीच्या आधीही केलं नाही. बहिणीला एसटीने आणली, दोन्ही भाचे खिडकीसाठी भांडले. तोपर्यंत गाडी उभी होती.

गॅब्रिएलची जोडी २३०० ला, दोन स्टँड ११०० ला. ऊन चढायच्या आत म्हणून काल पहाटे साडेपाचला सुरू केलं. डावी बाजू ४० मिनिटांत झाली. उजव्या बाजूचा खालचा बोल्ट स्प्रे मारूनही हलेना, पान्याला पाण्याच्या मोटारीचा पाईप लावून लांब दांडा केला तेव्हा सुटला. साडेनऊ वाजले. लोकोशेड काका, ॲक्सलखालचा जॅक सांगितला नसता तर मी लावला नसता. जुना शॉकअप काढल्यावर तो हाताने दाबला, दाबलेलाच राहिला.

स्टेशनजवळच्या गतिरोधकावर गाडी आता एकदाच बसते. पुढचे कोरडे आहेत, म्हणून तसेच ठेवले. स्टँड माझ्याकडे आहेत, अमळनेरात कोणाला लागले तर घेऊन जा.

केळीबाग (रावेर)
पुढचे दिवाळीपर्यंत जातील, बघा. तेव्हा ओरिजिनलच टाका.