कागदी लिंबाची कुंडी आता बदलावी की पावसाळ्यापर्यंत थांबावे?

नमस्कार. पुण्यात तिसऱ्या मजल्यावरच्या आमच्या गच्चीत कागदी लिंबाचे एक झाड आहे. त्याची कुंडी बदलण्याबाबत जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे. गुटी कलमाचे हे झाड बारा इंची मातीच्या कुंडीत चार वर्षांहून अधिक काळ वाढत आहे. गच्ची पश्चिमेकडे असल्यामुळे दुपारपासून सूर्यास्तापर्यंत तेथे कडक ऊन असते. दोन वर्षे झाडाने घराला पुरतील इतकी लिंबे दिली आणि त्यामुळे घरातल्या सर्वांचाच त्याच्यावर जीव आहे.

दिवाळीनंतर मात्र त्याची लक्षणे बदलली आहेत. पाणी घातले की ते मातीत न मुरता कुंडीच्या कडेने खाली उतरते आणि लगेच तळातून वाहून जाते. सकाळी भरपूर पाणी दिलेले असूनही दुपारी तीनच्या सुमारास पाने मलूल होतात आणि ऊन उतरल्यावर पुन्हा ताठ होतात. खालची जुनी पाने सर्वत्र सारखी पिवळी पडून गळत आहेत, तर नवी पालवी फिकट आणि पूर्वीपेक्षा लहान येते आहे. माती काठापासून चार बोटे खाली बसली आहे आणि तळाच्या छिद्रातून मुळे बाहेर डोकावत आहेत. शेणखत आणि निंबोळी पेंड नियमित दिली जाते, परंतु त्याचा परिणाम आता दिसत नाही.

एवढ्यावरून कुंडी बदलायला हवी असे वाटते, पण अडचण वेळेची आहे. सध्या फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा चालू आहे, झाड आंबे बहाराच्या, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत येणाऱ्या, फुलांनी भरले आहे आणि काही ठिकाणी ज्वारीच्या दाण्याएवढी फळेही धरली आहेत. आता मुळांना हात लावला तर बहार गळून जाईल, आणि न लावला तर पुण्याच्या एप्रिल-मे महिन्यांत हे झाड या कुंडीत तग धरेल का, अशी काळजी वाटते. ज्या रोपवाटिकेत चौकशी केली तेथे झाड ताबडतोब अर्ध्या कापलेल्या मोठ्या निळ्या पिंपात हलवावे असे सांगण्यात आले, तर बागकामाचा अनुभव असलेल्या एका ज्येष्ठ नातेवाइकांच्या मते मृगाचा पाऊस पडेपर्यंत झाडाला हातही लावू नये.

दुखणे मुळे दाटल्याचे आहे की कुजल्याचे, हे झाड बाहेर न काढता ओळखता येते का? थांबायचे ठरवले तर उन्हाळ्यात काय काळजी घ्यावी? नवी कुंडी किती मोठी असावी, मातीचे मिश्रण कसे करावे आणि जुनी मुळे कापावीत की तशीच ठेवावीत? पिंप माती आणि पाण्यासह फार जड होईल, त्यामुळे गच्चीच्या दृष्टीनेही शंका आहे.

प्रतिसाद

उत्तर देण्यापूर्वी दोन गोष्टी कळायला हव्यात. कुंडी तोंडाकडे रुंद होत जाणारी आहे की मडक्यासारखी आत वळलेल्या तोंडाची? दुसऱ्या प्रकारची असेल तर झाड ओढून काढण्याचा प्रयत्न करू नये, कुंडी फोडावी लागेल. शिवाय बांबूची लांब काडी कडेच्या मातीत तळापर्यंत खुपसून अर्ध्या तासाने काढून पाहावी. पाणी दिल्याच्या दुसऱ्या दिवशीही काडी तळाशी ओली निघाली आणि तिला कुबट वास आला, तर मुळे कुजत असण्याची शक्यता आहे. काडी मुळांना अडून आत जातच नसेल, तर तेही उत्तरच आहे.

प्रतिसाद

ताई, तुम्ही लक्षणे बारकाईने लिहिली आहेत आणि ती जवळजवळ सगळी मुळे दाटल्याकडे बोट दाखवतात. मुळे कुजलेल्या झाडाची पाने माती ओली असतानाही मलूल राहतात आणि संध्याकाळीही सावरत नाहीत. तुमच्या झाडाची पाने ऊन उतरताच ताठ होतात, म्हणजे मुळे काम करत आहेत, मात्र दुपारच्या उन्हात लागणारे पाणी साठवायला कुंडीत पुरेशी माती उरलेली नाही. सेंद्रिय खत कुजून आटते, त्यामुळे माती खाली बसते. ती वाळून आकसली की कडेला फट पडते आणि पाणी मुळांच्या हुंडीला, म्हणजे मुळे आणि माती यांच्या गोळ्याला, न भिजवता त्या फटीतून निघून जाते. खत देऊनही फरक पडत नाही त्याचे कारण मला तरी हेच वाटते.

वेळेबाबत तुमच्या नातेवाइकांचे म्हणणे मला अधिक पटते. फुले आणि कोवळी फळे अंगावर असताना लिंबूवर्गीय झाडाची तंतुमुळे तुटली, तर ते सर्वप्रथम बहार टाकते, आणि पुढे लगेच चाळिशीचा उन्हाळा आला तर नवी मुळे फुटायला उसंत मिळत नाही. जूनमध्ये पहिले एक-दोन पाऊस होऊन हवा थंडावली की मुळे लवकर धरतात. मात्र हे थांबणे मुळे निरोगी असण्यावर अवलंबून आहे. काडीला दुर्गंधी आली किंवा तळाची मुळे काळी, मऊ आणि सालटे सुटणारी दिसली, तर बहाराचा मोह सोडून आताच कुजका भाग कापावा आणि झाड नव्या मातीत लावावे.

थांबायचे असेल तर कडेची फट बारीक चाळलेले गांडूळखत आणि माती यांच्या मिश्रणाने भरून घ्यावी. पाणी एकदम न देता दोन हप्त्यांत द्यावे, म्हणजे पहिल्या हप्त्याने माती मऊ होते आणि पंधरा-वीस मिनिटांनी दिलेला दुसरा हप्ता खऱ्या अर्थाने मुरतो. वरच्या मोकळ्या जागेत वाळलेल्या पानांचे आच्छादन करावे, पण ते बुंध्याला चिकटू देऊ नये. दुपारच्या उन्हासाठी हिरवी शेडनेट बांधावी आणि कुंडीच्या पश्चिमेकडच्या अंगाला दुसरी कुंडी किंवा विटा लावून तिच्या भिंतीवर थेट ऊन पडणार नाही असे करावे. कडेच्या मुळांना हवेपेक्षा तापलेल्या कुंडीचाच त्रास अधिक होतो.

अर्ध्या पिंपाचा सल्ला मात्र मी मानणार नाही. लहान हुंडी एकदम मोठ्या भांड्यात बसवली तर भोवतालची माती मुळे पोहोचेपर्यंत ओलीच राहते आणि कुज तेथूनच सुरू होते. तुम्हाला चौदा, फार तर सोळा इंची कुंडी पुरेल. वजनाची शंकाही त्यामुळे बरीच कमी होते, तरीही ती गच्चीच्या मधोमध न ठेवता भिंतीलगत, खाली तुळई असलेल्या जागी ठेवावी. काळी माती कुंडीसाठी वापरू नये, कारण ती ओली असताना चिकट राहते आणि वाळल्यावर भेगाळते. दोन भाग लाल पोयटा माती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत आणि एक भाग भाताचे तूस किंवा जाड वाळू, त्यात दोन मुठी निंबोळी पेंड, एवढे पुरे. तळाशी खडी किंवा विटांच्या तुकड्यांचा जाड थर घालण्याची पद्धत सर्वत्र दिसते, पण त्याने निचरा वाढत नाही, कारण पाणी थराच्या वरच्या मातीतच अडून राहते आणि मुळांची जागा मात्र कमी होते. छिद्रावर एक खापर पालथे ठेवले की माती वाहून जात नाही.

झाड काढण्याच्या आदल्या दिवशी भरपूर पाणी द्यावे, म्हणजे हुंडी फुटत नाही. कडेने पातळ पाते फिरवून कुंडी आडवी करावी आणि बुंधा न ओढता हुंडी हळूहळू सरकवून बाहेर घ्यावी. भिंतीलगत गोल गोल फिरलेली मुळे तशीच ठेवली तर ती नव्या कुंडीतही फिरतच राहतात. म्हणून बाहेरचा साधारण एक इंचाचा थर धारदार, स्वच्छ कात्रीने काढावा आणि हुंडीला तीन-चार ठिकाणी उभे, उथळ छेद द्यावेत. जितकी मुळे कमी झाली त्या प्रमाणात फांद्याही हलक्या छाटाव्यात. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे बुंधा पूर्वीइतकाच मातीबाहेर राहिला पाहिजे. तो मातीत गाडला गेला की लिंबाला डिंक्या, म्हणजे खोडातून डिंक पाझरण्याचा रोग, होण्याचा धोका वाढतो. नंतर आठ-पंधरा दिवस विरळ सावली द्यावी आणि महिनाभर कोणतेही खत देऊ नये.

प्रतिसाद

रत्नागिरीहून एक पुरवणी जोडतो. कोकणात हेच काम जुलैच्या संततधारेत करू नये, कारण मुळे न धरलेली नवी माती दिवसरात्र भिजत राहते. येथे आम्ही मेअखेरीस वळवाच्या सरींनंतर किंवा पावसाने उघडीप दिल्यावर ऑक्टोबरच्या मध्यावर कुंडी बदलतो. पुण्यात जून योग्य आहे.

धागाकर्ती

सर्वांचे मनःपूर्वक आभार. कुंडी वर रुंद होत जाणारी आहे. काडी निम्म्यावरच मुळांना अडली आणि तिला वास नव्हता. तळाच्या छिद्रातली मुळे पांढरट आणि टणक आहेत, त्यामुळे जूनपर्यंत थांबण्याचे ठरवले आहे. आज फट भरून दोन हप्त्यांत पाणी दिले, तेव्हा पहिल्यांदाच ते सावकाश झिरपले. आणखी एक शंका आहे: आता धरलेली फळे जूनमध्ये अर्धवट वाढलेली असतील, त्यांचे काय करावे?

प्रतिसाद

फूल ते फळ यात लिंबाला पाच-सहा महिने लागतात, म्हणजे ती जुलै-ऑगस्टमध्ये तयार झाली असती. कुंडी बदलण्यापूर्वी त्यातली रस धरलेली हिरवी फळे काढून वापरावीत आणि अगदी लहान असतील ती खुडून टाकावीत. त्यापुढे मृगाची फुले आली तर त्या एका बहारापुरती तीही खुडावीत, म्हणजे झाडाची ताकद मुळांकडे जाईल. सप्टेंबर-ऑक्टोबरमधला हस्त बहार मात्र झाडाला धरू द्यावा. ती फळे ऐन उन्हाळ्यात तुमच्या हाती येतील.