वाघाच्या उपजाती दोन की सहा?

शिवार (मूळ लेखन):

मोठ्या मार्जारांच्या वर्गीकरणात वरच्या पायऱ्यांवर आता फारसा वाद उरलेला नाही. लिनियसने १७५८ मध्ये सिंह, वाघ, बिबट्या आणि जग्वार यांना मांजराबरोबर 'फेलिस' या एकाच प्रजातीत बसवले होते. पुढे ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ रेजिनाल्ड पोकॉक यांनी १९१६ च्या सुमारास जिभेच्या मुळाशी असणारी हायॉइड हाडांची साखळी तपासली आणि ज्यांच्या साखळीत एका हाडाच्या जागी लवचीक अस्थिबंध असतो, ते डरकाळी फोडणारे मार्जार 'पँथेरा' या प्रजातीत एकत्र आणले. हिमबिबट्या डरकाळी फोडत नाही, म्हणून तो बराच काळ 'अन्सिया' या स्वतंत्र प्रजातीत राहिला. जनुकीय पुरावा आल्यावर तोही पँथेरात आला आणि त्याचे सर्वांत जवळचे नाते वाघाशी निघाले. चित्ता मात्र प्यूमा या अमेरिकी मार्जाराच्या शाखेतला ठरला. (कुल, प्रजाती, जाती आणि उपजाती हे शब्द मी विश्वकोशातल्या अर्थाने, म्हणजे अनुक्रमे फॅमिली, जीनस, स्पीशीज आणि सबस्पीशीज यांसाठी वापरत आहे.)

तंटा आहे तो उपजातींचा. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या मार्जार तज्ज्ञ गटाने २०१७ मध्ये संपूर्ण फेलिडी (मार्जार) कुलाची फेरतपासणी केली, तेव्हा वाघाच्या प्रचलित उपजाती मोडीत काढून दोनच ठेवल्या: आशियाच्या मुख्य भूमीवरील सर्व वाघ 'टायग्रिस', आणि सुमात्रा, जावा व बाली या बेटांवरचे 'सोंडायका'. माझ्या मते हा निर्णय योग्य आहे आणि तो फार उशिरा झाला.

जुन्या उपजाती कशाच्या आधारावर ठरल्या होत्या, ते पाहावे. दक्षिण चीनच्या वाघाचे वर्णन १९०५ मध्ये हिल्झहाइमर यांनी हान्कौ येथे मिळालेल्या पाच कवट्यांवरून केले. बालीच्या वाघाला १९१२ मध्ये श्वार्त्स यांनी वेगळे नाव दिले ते एका प्रौढ मादीचे कातडे आणि कवटी पाहून, रंग जरा उजळ आणि गालाची कमान जरा अरुंद आहे एवढ्यावर. कॅस्पियन वाघ तर शंभरहून अधिक वर्षे स्वतंत्र मानला गेला. २००९ मध्ये संग्रहालयांतील जुन्या नमुन्यांचा मायटोकाँड्रियल (फक्त आईकडून येणारा) डीएनए तपासला, तेव्हा तो अमूरच्या (रशियाच्या अतिपूर्वेकडील, म्हणजेच सायबेरियन) वाघापेक्षा एका अक्षराने वेगळा निघाला. भारतापासून अमूरपर्यंत वाघ सलग पसरलेले होते. त्या पट्ट्यात आकार आणि रंग हळूहळू बदलत जातात, तिथे रेघ कुठे मारायची हे मारणाऱ्याच्या मर्जीवर राहते.

कातळ:

मूळ लेखनातील इतिहास बरोबर आहे, पण त्यातून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. पाच कवट्यांवरून नाव दिले म्हणजे ते नाव देणाऱ्याकडे पुरावा अपुरा होता एवढेच सिद्ध होते; तो गट अस्तित्वातच नाही, हे त्यावरून सिद्ध होत नाही. पुढे अधिक चांगला पुरावा आला का, हा प्रश्न विचारायला हवा होता, आणि तो पुरावा २०१७ च्या निर्णयानंतर वर्षभरातच आला. २०१८ मध्ये ३२ वाघांचे संपूर्ण जीनोम, म्हणजे त्यांचा सगळा डीएनए, वाचले गेले आणि बंगाल, अमूर, दक्षिण चीन, इंडोचायना, मलाया आणि सुमात्रा असे सहा गट स्पष्टपणे वेगळे पडले. आज जिवंत असलेल्या सर्व वाघांचा समान पूर्वज सुमारे १ लाख १० हजार वर्षांपूर्वीचा निघाला आणि त्यानंतर या गटांमध्ये जनुकांची देवाणघेवाण फारच थोडी झालेली दिसली. 'सलग पसरलेले होते' हे नकाशावर खरे वाटते, जीनोममध्ये तसे दिसत नाही.

कॅस्पियनचे उदाहरणही एकतर्फी वापरले आहे. ज्या पद्धतीने कॅस्पियन आणि अमूर एक ठरले, त्याच पद्धतीने २००४ मध्ये मलायाचा वाघ इंडोचायनाच्या वाघापासून वेगळा ठरला. एक निकाल घ्यायचा आणि दुसरा टाकायचा, हे कसे चालेल?

शिवार:

कातळ यांनी जीनोमचा दाखला दिला हे बरे झाले, कारण माझी हरकत तिथेच आहे. पुरेसे बारीक भिंग घेतले तर दुरावलेला कोणताही समूह वेगळा दिसतो. रणथंबोरचे वाघ मध्य भारतातील वाघांपेक्षा जनुकीयदृष्ट्या वेगळे पडतात. ओडिशातील सिमिलिपालच्या वाघांत 'टॅकपेप' या जनुकातील बदलामुळे काळे पट्टे रुंदावून एकमेकांत मिसळतात आणि काही वाघ जवळजवळ काळे दिसतात. याला आपण उपजाती म्हणणार का? ती समूहाच्या एकटेपणाची खूण आहे. २०१७ च्या गटाने शरीररचना, जनुके आणि भौगोलिक इतिहास या तिन्ही बाजूंनी पुरावा मागितला होता, एकट्या जनुकांवर विसंबले नव्हते.

आणि नावाचा हट्ट व्यवहारात कुठे नेतो, त्यासाठी उत्तर प्रदेशातील दुधवाचे उदाहरण पुरेसे आहे. वन्यजीव संरक्षक बिली अर्जन सिंग यांनी १९७६ मध्ये इंग्लंडच्या ट्वायक्रॉस प्राणिसंग्रहालयातून तारा ही वाघीण आणली, वाढवली आणि दुधवाच्या जंगलात सोडली. पुढे तिथल्या वाघांत सायबेरियन वाघाच्या जनुकीय खुणा आढळल्याचे सांगितले गेले आणि 'भेसळ झाली' म्हणून गदारोळ उठला. २०१७ च्या यादीप्रमाणे तारा आणि दुधवाचे वाघ एकाच उपजातीचे आहेत. भेसळ झाली कशात?

दस्तऐवज:

हा वाद वाघापुरता ठेवून चालणार नाही. त्याच २०१७ च्या यादीने गीरच्या सिंहाचे 'पर्सिका' हे १८२६ पासूनचे नाव काढून घेतले आणि त्याला उत्तर, पश्चिम व मध्य आफ्रिकेतील सिंहांबरोबर 'लिओ' या उपजातीत टाकले. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१३ मध्ये गीरचे काही सिंह मध्य प्रदेशातील कुनोला हलवण्याचा आदेश दिला, आणि त्याच निकालात आफ्रिकी चित्ते कुनोत आणण्याची योजना फेटाळली. आफ्रिकी चित्त्याची उपजात वेगळी, हा मुद्दा त्या चर्चेत वजनदार होता. पुढे २०२० मध्ये न्यायालयाने चित्ते आणायला प्रयोग म्हणून परवानगी दिली आणि २०२२ मध्ये नामिबियातून आठ चित्ते आले. सिंह मात्र अजून गुजरातमध्येच आहेत. २०२५ च्या गणनेत त्यांची संख्या ८९१ भरली.

सांगायचे असे, की कायदा नावांवर चालतो. साइट्स या वन्यजीवांच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या, सर्वांत कडक परिशिष्टात पूर्वी 'पँथेरा लिओ पर्सिका' असे नाव होते. उपजात गेल्यावर तिथे 'पँथेरा लिओ, भारतातील समूह' असे लिहावे लागले, नाहीतर गीरच्या सिंहाचे संरक्षण आफ्रिकेतील सिंहांसारखे दुसऱ्या परिशिष्टात घसरले असते. तिथे वाट निघाली म्हणून सगळीकडे निघेलच, असा भरवसा मी देणार नाही.

शिवार:

दस्तऐवज यांनी माझीच बाजू मांडली, असे मला वाटते. 'भारतातील समूह' एवढे लिहिल्याने काम झाले. संरक्षण समूहाला द्यावे. त्यासाठी लॅटिनमधले तिसरे नाव लागत नाही.

कातळ:

काम झाले, कारण गीर एका देशात, एका राज्यात आहे. मलायाच्या वाघाचे तसे नाही. थायलंडच्या सरहद्दीवर 'समूह' कुठे संपतो ते कोण लिहिणार? आणि प्राणिसंग्रहालयांतील वाघांचे काय? २००८ मध्ये चौदा देशांतील १०५ बंदिस्त वाघ तपासले, तेव्हा ५२ मिश्र वंशाचे निघाले. सहा उपजाती मानल्या म्हणूनच उरलेल्यांतले ४९ शुद्ध वंशाचे आहेत हे कळले आणि त्यांच्या वंशावळी वेगळ्या राखता येतात. मुख्य भूमीवरचे सारे वाघ एक म्हटले, तर मलायाचा नर आणि अमूरची मादी जोडायला हरकत कुणाची असेल?

ताराचा प्रश्नही आपण समजता तितका सोपा नाही. अमूरच्या वाघाचे अंगचे आकारमान, केसांची दाटी आणि हिवाळ्यातील चरबी त्या हवामानात घडलेली आहे. यादीतून नाव पुसल्याने तराईच्या उन्हाळ्यात त्या गुणांचा उपयोग वाढत नाही.

निशाचर:

दोघांच्याही लेखनात एक गोष्ट निसटते आहे. २०२४ मध्ये ताडोबातून जमुना आणि झीनत या वाघिणी सिमिलिपालला पाठवल्या, कारण तिथल्या वाघांत जवळच्या नात्यातले प्रजनन वाढले होते. ताडोबाच्या वाघिणी निवडताना दोन उपजाती की सहा, याने काही फरक पडला नसता, कारण दोन्ही यादींत भारताचे सारे वाघ एकच आहेत. फरक पडला असता तो दक्षिण चीनच्या वाघाबाबत. जंगलात तो उरलेला नाही, बंदिस्त वाघ मोजक्या पूर्वजांपासून आलेले आहेत, आणि शेजारच्या वाघाचे रक्त त्यांत आणायचे की नाही हे ठरवायला चीनला यांपैकी एक यादी निवडावीच लागेल. शिवार आणि कातळ यांनी आपापली यादी हातात घेऊन त्या एका प्रकरणाचा निवाडा करून दाखवावा.

कातळ:

माझे उत्तर: आणू नये, निदान त्या बंदिस्त वाघांची पिल्ले जगत आहेत तोवर नाही.

शिवार:

माझे उत्तर: आणावे, आणि पिल्ले मरू लागण्याची वाट न पाहता आणावे.